झोप आणणारं संगीत आणि राज्य बुडवणारं संगीत

इ.स.पू. पाचव्या शतकात चीनमधल्या वेइ राज्यात वेन नावाचा राजा होता, त्याने एक दिवस आपल्या गुरुजींना सरळ सांगून टाकलं की दरबारी पोशाख घालून जुनं संगीत ऐकायला बसलो की आता आपला डोळा लागणार अशी भीतीच वाटते, आणि तेच झेंग आणि वेइ या राज्यांकडची गाणी असली तर कितीही ऐकली तरी थकायला होत नाही, असं का होतं हो? (ही गाण्यांसाठी बदनाम असलेली वेइ वेगळी, राजाची वेइ वेगळी, चिनी लिपीत दोन्ही वेगळी लिहितात पण आपल्याला सारखीच ऐकू येतात.) मैफलीत पहिल्या रांगेत बसून पेंगणारे कितीतरी काका मी पाहिलेत पण एकाही काकांनी हे असं तोंडावर कबूल केलेलं ऐकलं नाहीये, म्हणून हा राजा मला फार आवडतो.

गुरुजी म्हणजे झीश्या, कन्फ्यूशियसचा थेट शिष्य. ते म्हणाले महाराज, तुम्ही विचारताय संगीताबद्दल आणि तुम्हाला आवडतात ते नुसते सूर, दोन्ही जवळजवळचे आहेत पण एक नाहीत. जुन्या संगीतात नाचणारे एकत्र पुढे येतात एकत्र मागे जातात, सगळी वाद्यं ढोलाची वाट बघत थांबतात, आणि ऐकून झाल्यावर माणसं त्याबद्दल बोलतात, घर नीट कसं चालवावं, राज्य नीट कसं चालवावं वगैरे. नवीन संगीतात काय, तर वाकडेतिकडे नाच, विदूषक, बायका-पुरुष एकत्र, बाप कोण मुलगा कोण कळत नाही, आणि संपल्यावर बोलण्यासारखं काहीच उरत नाही. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही "आजकालची गाणी" ही तक्रार होतीच आणि ती ऑलमोस्ट शब्दशः आज व्हॉट्सअॅपवर येते तशीच होती.

हा संवाद 'युएजी' नावाच्या प्रकरणात आहे, संगीताबद्दलचं प्रकरण, ते 'लीजी' या विधी-आचारांच्या जुन्या ग्रंथात येतं आणि आत्ताच्या रूपात ते हान राजवटीत जुळवलं गेलं. मी चिनी वाचत नाही, माझं सगळं इंग्रजी भाषांतरांवर चाललंय, पण गेले काही महिने मी याच्या नादी लागलेय कारण संगीताला इतकं सिरीयसली घेणारी माणसं मला दुसरीकडे भेटलेली नाहीत. सिरीयसली म्हणजे किती तर यांना वाटायचं की राज्यातली गाणी ऐकून राज्य कसं चाललंय ते सांगता येतं. शांत सुखी काळाचे सूर निवांत असतात, अंदाधुंदीच्या काळाचे सूर चिडलेले असतात, आणि बुडालेल्या राज्याचे सूर दुःखी आणि मागचं आठवत बसणारे असतात, असं युएजीत सरळ लिहिलंय.

यामागची थिअरी मला खरंच सुंदर वाटते. ती म्हणते सूर माणसाच्या मनातून निघतात आणि मन हलतं ते बाहेरच्या गोष्टींमुळे. मनात दुःख असेल तर आवाज आखडत बारीक होत जातो, सुखात असेल तर सैल आणि सावकाश होतो, आनंद झाला की उधळतो, राग आला की जाडाभरडा होतो, आदर असेल तर सरळ होतो, प्रेम असेल तर मऊ. अशा सहा भावना सांगून पुढे म्हटलंय की या माणसाचा मूळ स्वभाव नाहीत, काहीतरी लागल्यावर उठणाऱ्या हालचाली आहेत. आणि मग पायऱ्या आहेत, नुसता आवाज जनावरालाही कळतो, सूर साध्या लोकांना कळतात, पण संगीत फक्त सज्जन माणसाला कळतं. इथे माझा थोडा मूड जातो, कारण "साधे लोक" कोण हे ठरवणारे नेहमी दरबारातलेच. त्यातून पाच सुरांनाही पदं वाटून दिलीयेत, पहिला सूर राजा, दुसरा मंत्री, तिसरा प्रजा, चौथा कामकाज, पाचवा वस्तू, आणि राजाचा सूर बिघडला तर राजा उर्मट झालाय असं समजायचं! सा बेसूर लागला म्हणून मुख्यमंत्र्यांकडे बघायचं, तसलं काहीतरी.

पण झीश्याच्याच उत्तरात पुढे एक भाग येतो तो मी परत परत वाचते. तो म्हणतो घंटांचा आवाज ऐकला की सज्जन राजाला आपले सेनानी आठवतात, दगडी पाट्यांचा खणखणाट ऐकला की सीमेवर मेलेली माणसं आठवतात, तारांचा आवाज ऐकला की नीतीने वागणारे मंत्री, बांबूच्या वाद्यांचा ऐकला की प्रजेला सांभाळून एकत्र ठेवणारे अधिकारी. म्हणजे तो नुसता टणटण आवाज ऐकत नाही. हे वाचलं की कळतं यांना संगीत म्हणजे एकट्याने हेडफोन लावून ऐकायची गोष्ट वाटतच नव्हती, गाणं ऐकताना त्यात माणसं दिसली पाहिजेत अशी अपेक्षा होती.

खुद्द कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९, लू राज्य, आजचं शानदोंगमधलं छूफू) मात्र थिअरीपेक्षा खूप जास्त इंटरेस्टिंग माणूस होता. छी राज्यात त्याने शाओ नावाचं जुनं संगीत ऐकलं आणि तीन महिने त्याला मांसाची चव कळली नाही, म्हणाला संगीत इथवर पोचू शकतं असं मला वाटलंच नव्हतं. कोणी चांगलं गायलं की तो त्याला परत म्हणायला लावायचा आणि मग स्वतः सूर धरायचा. ज्या दिवशी तो कोणाच्या मरणावर रडला त्या दिवशी गायचा नाही (म्हणजे बाकी दिवशी गायचाच!). एकदा एक माणूस भेटायला आला, याला भेटायचं नव्हतं, निरोप दिला की तब्येत बरी नाही, आणि निरोप्या दाराबाहेर पडतोय न पडतोय तोच तंतुवाद्य काढून मोठ्याने गायला लागला, मुद्दाम त्याला ऐकू जावं म्हणून. आणि मिएन नावाचा आंधळा वादक घरी आला तेव्हा त्याला पायरी आली, चटई आली, हे इथे बसलेत ते तिथे बसलेत असं सगळं सांगत आत नेलं, नंतर शिष्याने विचारलं वादकाशी असंच बोलायचं असतं का, तर म्हणाला हो, त्याला मदत करायची हीच पद्धत.

दुसरा किस्सा वूचेंग गावाचा. शिष्य झीयोउ तिथला कारभारी होता आणि गावभर तारांची वाद्यं आणि गाणी चालू होती. कन्फ्यूशियस हसला, म्हणाला कोंबडी कापायला बैलाचा सुरा कशाला? झीयोउने त्याचीच शिकवण त्याला ऐकवली की सज्जन शिकला की लोकांवर प्रेम करतो आणि साधा माणूस शिकला की त्याच्याकडून काम करून घेणं सोपं जातं. यावर गुरुजी बाकीच्यांना म्हणाले, बरोबर बोलतोय तो, मी आपली गंमत केली. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाचं हे वाक्य लोकांनी अडीच हजार वर्षं जपून ठेवलं याचं मला कौतुक वाटतं.

इतिहासकार स्सिमा छिएनने सांगितलेली एक गोष्ट तर संगीत शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. कन्फ्यूशियस शियांग नावाच्या उस्तादांकडे छिन (मांडीवर ठेवून वाजवायचं सात तारांचं वाद्य) शिकत होता, दहा दिवस एकच रचना, उस्ताद म्हणाले आता पुढची घे, हा म्हणाला चाल आली पण हात बसला नाही. मग हात बसला तर म्हणाला भाव कळला नाही, भाव कळला तर म्हणाला हे रचणारा माणूस कळला नाही. शेवटी एक दिवस लांब कुठेतरी बघत म्हणाला, दिसला, काळासावळा, उंच, नजर दूरवर, हा राजा वेन शिवाय कोण असणार (झोपाळू वेन नव्हे, झोउ घराण्याचा मूळपुरुष). उस्तादांनी उठून नमस्कार केला, कारण त्यांच्या गुरूंनीही रचना राजा वेनचीच सांगितली होती. खरं-खोटं सोडा, पण यात त्यांची सगळी श्रद्धा आहे, की सुरातून माणूस जसाच्या तसा पोचतो.

आणि अडचणही इथेच सुरू होते. चांगला माणूस पोचत असेल तर वाईटही पोचणार ना. शाओ संगीताबद्दल कन्फ्यूशियस म्हणाला सुंदरही आहे आणि चांगलंही, पण वू नावाचं, राजा वूने शस्त्राने राज्य जिंकल्यावरचं संगीत, ते सुंदर आहे पण पूर्णपणे चांगलं नाही. सुंदर पण चांगलं नाही! आणि राज्य कसं चालवावं हे विचारलं तेव्हा पंचांग कुठलं, रथ कुठला, टोपी कुठली हे सांगता सांगता म्हणाला झेंगची गाणी हद्दपार करा, ती वाहवत नेतात. त्या चाली आज कोणालाच माहीत नाहीत पण 'शीजिंग' या जुन्या कवितासंग्रहात झेंगच्या २१ कविता आहेत, त्यातल्या एकीत मुलगी प्रियकराला विनवतेय की बाबा रे आमच्या भिंतीवरून उडी मारू नकोस, झाडं मोडू नकोस, मला तू हवायस पण आईबाबांची भीती वाटते, भावांची वाटते, लोक काय म्हणतील त्याची वाटते. हे वाचून राज्य कसं बुडेल हे मला तरी समजलेलं नाही. आणि तोच कन्फ्यूशियस त्याच तीनशे कवितांबद्दल म्हणतो की यात वाकडा विचार नाही, मग पुढचे पंडित दोन हजार वर्षं भांडत बसले की तो शब्दांना म्हणाला का चालींना.

त्याच्या बाजूने एक सांगायला हवं, त्याला जे भ्यायला होत होतं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. छी राज्याने लूला गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुली भेट पाठवल्या, तिथल्या मुख्य सरदाराने त्या घेतल्या आणि तीन दिवस दरबारच भरला नाही, कन्फ्यूशियस राज्य सोडून निघून गेला. त्याच सरदार घराण्याने आपल्या अंगणात नर्तकांच्या आठ रांगा नाचवल्या होत्या, आठ आठ म्हणजे ६४ जण, हा मान फक्त सम्राटाचा. हे सहन करायचं तर मग काय सहन करायचं नाही, असं तो तेव्हा म्हणाला.

हे रांगा मोजणं आपल्याला खुळचट वाटतं पण त्यामागचा विचार असा की विधी माणसांना वेगळं करतात आणि संगीत एकत्र आणतं. विधी सांगतात तू मोठा तू लहान तू इथे बस तू तिथे. नुसतं तेवढंच असलं तर माणसं एकमेकांपासून तुटतात, आणि नुसतं संगीत असलं तर सगळं वाहून जातं, म्हणून दोन्ही पाहिजेत. शुन्झी नावाचा इ.स.पू. तिसऱ्या शतकातला विचारवंत गावच्या दारूपानाच्या समारंभाचं वर्णन करतो ते मस्त आहे, पाहुण्यांची पायरीप्रमाणे उठबस, मग गायक वर येऊन तीन गाणी, यजमान त्यांना पेला देणार, मग फुंकून वाजवायच्या वाद्यांची तीन, मग आलटून पालटून तीन, मग एकत्र तीन, आणि त्यानंतर एक माणूस नेमायचा लक्ष ठेवायला, म्हणजे सगळे मजेत राहतील पण घसरणार नाहीत. मला हा नेमलेला माणूस फार आवडला, असा प्रत्येक लग्नात हवा.

आता विरोधी पक्ष. मोझी. हा साधारण कन्फ्यूशियसच्या लगेच नंतरचा, आणि त्याचं म्हणणं इतकं रोखठोक आहे की उत्तर देताना घाम फुटावा. तो म्हणतो घंटा-ढोल गोड वाजत नाहीत असं मी म्हणत नाही, पण लोकांच्या चिंता तीन, भुकेल्याला अन्न नाही, कुडकुडणाऱ्याला कपडा नाही, थकलेल्याला विश्रांती नाही, घंटा बडवून यातलं काय मिळणार? वाजवायला म्हातारे चालत नाहीत, तरुण लागतात, म्हणजे पुरुष नांगरावरून उठवले आणि बायका मागावरून. आणि राजाला एकट्याने ऐकण्यात मजा नाही, सोबतीला ऐकणारे पाहिजेत, म्हणजे त्यांचंही काम बंद. छीच्या एका राजाचे नर्तक तर साधं खाऊ शकत नव्हते आणि साधं नेसू शकत नव्हते, का तर चेहरा आणि अंग बघण्यासारखं राहिलं पाहिजे.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर हूबेइ प्रांतात सुइझोउला १९७८ साली उकरलेली झेंग नावाच्या राज्याच्या यी राजाची कबर बघा (हे झेंगही वेगळं, माझाही नाइलाज आहे). त्यात ६५ काशाच्या घंटांचा संच निघाला, एकूण वजन अडीच टन, प्रत्येक घंटेतून मध्ये आणि कडेला ठोकलं की दोन वेगळे सूर येतात, आणि त्यातल्या एका घंटेवरच्या लेखावरून काळ कळतो, इ.स.पू. ४३३, म्हणजे मोझी जिवंत असतानाचा. वूहानच्या म्युझियममध्ये हा संच आहे आणि रेकॉर्डिंग ऐकलं तर अंगावर काटा येतो. त्याच कबरीत राजाबरोबर पुरलेल्या २१ तरुण मुली आणि बायका होत्या. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यात त्याच्या वादक-नर्तकी असाव्यात. मोझी एवढं तरी बोलला याचं आश्चर्य वाटायला नको.

शुन्झीने मोझीला उत्तर दिलं, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी "आणि तरी मोझी विरोध करतो, का?" असं चिडून म्हणत. त्याचं म्हणणं, माणसाला आनंद होणारच, आनंद झाला की तो आवाजातून आणि अंगाच्या हालचालीतून बाहेर पडणारच, त्याला वाट दिली नाही तर गोंधळ होईल. आणि मग त्याचं ते वाक्य, संगीत माणसात खोलवर शिरतं आणि त्याला झटकन बदलतं. माझ्या मते सगळं यात आलं. जो माणूस तीन महिने मांसाची चव विसरला त्यालाच बंदी घालावीशी वाटली यात विसंगती काहीच नाहीये, विचारल्याशिवाय आत शिरणारी गोष्ट आहे हे त्याला स्वतःवरून माहीत होतं. ज्याला संगीत म्हणजे टाइमपास वाटतो तो कशाला बंदी घालेल. मला पटत नाही ते एवढंच की आत काय शिरावं हे दरबाराने ठरवायचं, कारण दरबाराने ते ठरवायला घेतलं की कसली गंमत होते याचे पुरावे चिनी इतिहासातच पडलेत.

उदाहरणार्थ सुरांची पट्टी. हानकाळात ठरलं की मूळ सूर देणारी नळी नऊ त्सुन म्हणजे नऊ चिनी इंच लांब, तिच्यात बाजरीसारख्या धान्याचे १२०० दाणे मावतात, आणि त्यावरूनच लांबी, माप, वजन सगळं. म्हणजे सूर बिघडला तर बाजारातलं मापही बिघडलं, आयडिया म्हणून भारीच. पण मग प्रत्येक राजवट खरा मूळ सूर कोणता यावर भांडली, आणि शेवटी सोंग सम्राट ह्वेइझोंगने ११०५ साली नवीन पट्टी जाहीर केली ती स्वतःच्या बोटांच्या मापावरून! या परिपूर्ण संगीताची वाद्यं त्याने १११६ मध्ये कोरियाच्या राजाला भेट पाठवली. ११२७ मध्ये उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांनी राजधानी घेतली आणि सम्राटाला कैद करून नेलं. तिकडे सेऊलच्या कन्फ्यूशियस मंदिरात मात्र त्या परंपरेतून आलेलं संगीत वर्षातून दोनदा अजून वाजतं.

सगळ्यात धारदार उत्तर मात्र आलं तिसऱ्या शतकात, जी खांगकडून. (तोही वेइ नावाच्याच राज्यात होता, तिसरी वेइ.) स्वतः उत्तम छिनवादक, आणि त्याने निबंध लिहिला की सुरात दुःखही नसतं आणि आनंदही नसतो. निबंधात पाहुणा आणि यजमान वाद घालतात. यजमान म्हणजे तोच, म्हणतो दारू प्यायल्यावर एक हसतो एक भांडतो, म्हणून दारूत हसू आणि भांडण असतं का? तेच गाणं ऐकून एक रडतो आणि एक खूश होतो. पाहुणा सांगतो की एका माणसाला गायीचं हंबरणं ऐकून कळलं की तिची तीन वासरं बळी दिलीयेत, यावर यजमान विचारतो, म्हणजे गाय आणि माणूस एकच भाषा बोलतात का? तो एवढं मान्य करतो की सूर माणसाला उचंबळवतो किंवा शांत करतो, लक्ष गोळा करतो किंवा पांगवतो, पण दुःख आधीच आपल्यात असतं, सूर फक्त त्याला वाट देतो. मग झेंगच्या गाण्यांनी राज्य बिघडतं हे म्हणणंच उलटं पडतं, बिघाड आधी माणसांत.

इथे मला व्हॉयेजरची तबकडी आठवते. १९७७ मध्ये नासाने दोन यानांवर सोनेरी तबकड्या पाठवल्या, त्यात २७ संगीताचे तुकडे, आणि छिनवर वाजवलेलं 'लिउ श्वेइ' म्हणजे वाहतं पाणी संपलं की लगेच गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहां हो'. लिउ श्वेइमागे दंतकथाच अशी आहे की बो या नावाचा छिनवादक वाजवताना मनात पाणी आणायचा आणि मित्र झोंग झीछीला न सांगता पाणीच दिसायचं, मित्र मेल्यावर त्याने तारा तोडल्या. जी खांगने याच समजुतीला सुरुंग लावला होता. केसरबाईंची भैरवी ऐकताना मात्र मी जी खांगच्या बाजूने राहू शकत नाही, दहा मिनिटं तरी, मग डोकं चालायला लागलं की परत त्याच्या बाजूने. जी खांगला पुढे राज्याची सूत्रं हातात असलेल्या स्सिमा झाओने मृत्युदंड दिला, म्हणतात तीन हजार विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी अर्ज केला आणि शेवटी त्याने छिन मागवून एक रचना वाजवली. भावना सुरात नसते म्हणणारा माणूस, पण वाद्य मागवलंच.

असो. बंदीचं पुढे काय होतं तेही सांगून टाकते, कारण हान सम्राट आयने ती खरंच घालून पाहिली. इ.स.पू. ७ मध्ये गादीवर आल्या आल्या त्याने सरकारी संगीत खातं बंद केलं. त्याआधी बड्या घराण्यांची मजल गायिकांसाठी खुद्द सम्राटाशी चढाओढ करण्यापर्यंत गेली होती. खात्यातल्या ८२९ जणांची यादी करून ३८८ जणांना धार्मिक विधींसाठी ठेवलं आणि ४४१ जणांना शास्त्राला धरून नाही किंवा झेंग-वेइछापाचं वाजवता म्हणून घरी पाठवलं. हान राजवटीच्या इतिहासात पुढे नोंद आहे की लोक या गाण्यांत इतकी वर्षं मुरले होते, आणि त्याजागी दुसरं चांगलं संगीत कोणी तयार केलं नव्हतं, त्यामुळे श्रीमंत, अधिकारी आणि बाकीचे सगळे आधीसारखेच त्यात बुडून राहिले. नोकरी गेलेल्या त्या ४४१ जणांना आठवडाभरात बाहेर डबल पैशाचं काम मिळालं असणार असा माझा अंदाज आहे.